ट्यूमरनंतरचं रोजचं : आज काय बरं वाटलं?

काय_ते_आपलं
हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ब्रेन ट्यूमरवर माहिती हवी असेल तर ढिगाने आहे, ऑपरेशन कसं करतात, रेडिएशन कसं देतात, कुठली गोळी कशासाठी. पण ते सगळं उरकल्यावर जे उरतं ना, म्हणजे मंगळवारी दुपारी चार वाजता आपण घरी बसलोय आणि डोकं जेमतेम निम्मं चालू आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, ऑफिसला वाटतं केस आले परत म्हणजे झाला बरा.

माझं थोडक्यात सांगतो. डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाला खेटून, हळू वाढणारा ग्लिओमा, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींमधून वाढलेली गाठ. चार वर्षांपूर्वी जागं ठेवून ऑपरेशन झालं. हे ऐकून लोक दचकतात पण मेंदूला स्वतःला दुखत नाही, भूल वरच्या कातडीला वगैरे देतात. मला एकेक चित्र दाखवत होते आणि मी नाव सांगायचं, घर, मासा, छत्री... आणि तिकडे सर्जन बारीक करंट देऊन बघत होते की कुठे टेकवलं की माझी बोलती बंद होते, म्हणजे ती जागा सोडून कापायचं. (पेनफिल्ड नावाचे सर्जन मॉन्ट्रियलला १९३० च्या दशकात अशाच तऱ्हेने मेंदूचे नकाशे काढत होते, हे मी नंतर वाचलं, आधी वाचलं असतं तर पळून गेलो असतो.) माझी बोलती छत्रीला बंद झाली. दिसतेय समोर, उघडतात कशी माहितीये, नावच नाही. गंमत म्हणजे आता छत्री कधीच अडत नाही, बाकीचे शब्द अडतात. कुलपाला मी 'दाराचं घड्याळ' म्हणालोय. नावाची कथा तुम्हाला कळलीच असेल.

पण एक शोध लागलाय. शब्द हरवतो तेव्हा सगळा हरवत नाही, तो 'तो' आहे की 'ती' की 'ते' एवढं पुष्कळदा हातात राहतं. परवा झाडांना पाणी घालायला गेलो आणि ती, ती, ती... ती आहे एवढं पक्कं. मुलगी म्हणाली बादली? नाही. नळी? नाही, हिला चोच असते. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना डोक्यावर पाणी पडलं आणि मी बाथरूममधून ओरडलो, झारी!!! बाहेरून टाळ्या. खरं सांगतो, आजारपणाआधी एका शब्दाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, शब्द काय फुकट यायचे.

तर असलं लिहा. आज, या आठवड्यात, काय बरं वाटलं. कितीही बारीक चालेल. ग्रेड कितवी, वर्षं किती दिलीत, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

एककानी
धागा वाचनखुणांत टाकला आधी!

मी श्वानोमावाली, ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवरची गाठ. बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेली. (बिनाइन म्हटलं की समोरचा "मग ठीके ना" म्हणून विषय बदलतो, त्या लोकांसाठी वेगळा धागा काढावा लागेल.) गाठ काढली पण उजवा कान पूर्ण गेला आणि शेजारची चेहऱ्याची नस दुखावली.

एका कानाचं लोकांना वाटतं आवाज निम्मा होत असेल. आवाज ठीक असतो हो, पत्ता जातो त्याचा. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांत तो किती आगेमागे पोचला आणि कुठे जास्त मोठा आला यावरून काढतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक असतो तो. एकच कान म्हणजे हिशोबाला दुसरा आकडाच नाही. घरात फोन वाजला की मी सगळ्या खोल्यांतून फिरून येते आणि तो माझ्याच खिशात असतो. रस्त्यात कुणी हाक मारली की मी जागच्या जागी गोल फिरते.

आता सुखाचं. रात्री चांगला कान उशीत दाबला की जग बंद. घोरणं, कुत्री, वरच्या मजल्यावरचं फर्निचर सरकवणं, सगळं बंद. (दुखऱ्या कानात एक शिट्टी चोवीस तास चालू असते ती सोडून, पण ती आता घरचीच झालीये.) नवरा म्हणतो तुझ्याकडे आहे ते लोक दुकानात विकत घ्यायला जातात.

अर्धापडदा
मम! म्हणजे वेगळं आहे पण मम. मागच्या बाजूला उजवीकडे मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणावरची गाठ) होता, तो काढल्यापासून दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं निम्मं चित्र गेलं. डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच, पण बघणाऱ्या मेंदूतच डावीकडचा पडदा पडलाय. काळं दिसत नाही तिथे, काहीच दिसत नाही. पाठीमागे आत्ता तुम्हाला काय दिसतंय? तसं.

त्यामुळे माणसं माझ्यासमोर प्रकट होतात. दार नाही, चाहूल नाही, एकदम बाई. फार बेक्कार दचकायचो सुरुवातीला. वाचताना ओळीची सुरुवात सापडायची नाही, 'अपमान' चं 'मान' वाचायचो आणि 'अशक्य' चं 'शक्य' (कृपया याचा सुविचार करून फॉरवर्ड करू नये). मग थेरपिस्टने पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी ठेवायला शिकवलं, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ सुरू करायची. पुस्तक आडवं फिरवून वरून खाली वाचून बघितलं, तेही जमतं काहींना, मला मानेलाच त्रास झाला.

बरं वाटलेलं म्हणजे पक्षी. खिडकीत बसतो रोज. तुम्हाला पक्षी उडत येताना दिसतो, मला तो हवेतून तयार होतो. बायको म्हणाली हा काय आनंद झाला का. झाला. दिवसातून पाचसहा वेळा.

उगवता
तुम्ही सगळे योद्धे आहात!! आजार शरीराला होतो मनाला नाही. विचार सकारात्मक ठेवा, पेशींपर्यंत पोचतात. माझ्या ओळखीतल्या एकांनी सगळ्या गोळ्या बंद करून फक्त मनःशक्तीवर...

काय_ते_आपलं
उगवता, भावना पोचल्या. पण गोळ्या बंद करायचं इथे नको प्लीज. फिट्सची गोळी अचानक बंद केली की फिट येऊ शकते, आणि ती मोठी असू शकते, हे मनावर नसतं. माझ्या गोळीने माझी चिडचिड होते, लिव्हेटिरॅसिटॅम घेणाऱ्या बऱ्याच जणांची होते, मी एकदा पायपुसण्यावर ओरडलोय. ते डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी हळूहळू डोस बदलला. स्वतःच्या मनाने काही केलं नाही.

आणि योद्धा नको हो. युद्धात समोर कुणीतरी असतं. इथे माझंच डोकं आहे, त्याच्याशीच राहायचंय.

तीसपैकी_सात
वाचत होतो गेले दोन दिवस. खरं सांगू, राग आला. माझं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, तीस रेडिएशनपैकी सात झालीत. मांडीत जीव नाही, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, स्टिरॉइडने तोंड सुजलंय, रात्री दोनला टक्क जागा असतो आणि भूक लागलेली असते. आणि इथे पक्षी आणि झारी चाललंय. मला काहीही बरं वाटत नाहीये. बरं वाटायला पाहिजे का? तेवढं सांगा म्हणजे मी निघतो.

अर्धापडदा
नाही वाटलं पाहिजे. बसा.

एककानी
सातव्याला मला कुणी पक्षी दाखवला असता तर मी दगड मारला असता. (माझं ऑपरेशननंतर काही काळाने रेडिएशन झालं, उरलेल्या तुकड्यासाठी.)

मांड्यांचं सांगते, ते बहुतेक डेक्सामिथासोनचं, म्हणजे त्या स्टिरॉइडचंच असतं, मांड्या आणि खांद्याजवळचे स्नायू ढिले पडतात, जिना आणि खुर्ची हेच नडतं. पण डॉक्टरांना सांगा नक्की, आपल्या आपण ठरवू नका, आणि डोसही आपला आपण कमी करू नका. डोस उतरला की हळूहळू येते ताकद. मी पहिल्यांदा हात न टेकता उठले तो प्रसंग कमोडवरचा होता, कुणाला सांगणार? तुम्हाला सांगतेय.

काय_ते_आपलं
तीसपैकी, राग बरोबर आहे, माझ्या प्रश्नातच खोट आहे थोडी. 'काय बरं वाटलं' विचारलं की न वाटणाऱ्याला नापास झाल्यासारखं होतं. राहा इथेच. रागही लिहा.

थकव्याबद्दल एक, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. तो रेडिएशन संपल्यावर लगेच उतरत नाही, उलट शेवटाकडे आणि नंतरचे काही आठवडे वाढतो बऱ्याच जणांचा. मी संपल्याचा आनंद केला आणि पुढचे तीन आठवडे नुसता झोपलो आणि वाटलं की ट्यूमर परत आला. नव्हता. आणि हा थकवा कामाने दमल्यासारखा नसतो, पेट्रोलचा काटा बिघडलेल्या गाडीसारखा असतो, चालतेय चालतेय आणि भर चौकात बंद, रिझर्व्हलासुद्धा लागत नाही. दमल्यावर झोपून उपयोग नाही, दमायच्या आधी झोपायचं. हे शिकायला मला वर्ष लागलं आणि अजून आठवड्यातून एकदा चुकतो.

म्हणून आनंदही बेतून करावा लागतो. मित्र येणार असतील तर त्या दिवशी अंघोळसुद्धा आदल्या रात्री उरकतो. दोन तास गप्पा, चौघं एकदम बोलत असली की अर्ध्या तासातच डोकं तापतं, मग मी उठून आतल्या खोलीत दहा मिनिटं अंधारात पडतो आणि परत येतो. आधी लाज वाटायची. आता ते लोक माझं वाक्य कुठे थांबलं होतं ते लक्षात ठेवतात.

टाकीफुल्ल
पिट्युटरीवाला रिपोर्टिंग, म्हणजे मेंदूच्या तळाशी हार्मोनची ग्रंथी असते तिच्यावरची गाठ. नाकातून ऑपरेशन. नंतर शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन बंद, त्यामुळे रात्रभर तहान आणि बाथरूम, तहान आणि बाथरूम. या आजाराचं जुनं नाव डायबेटीस इन्सिपिडस, साखरेशी काडीचा संबंध नाही तरी प्रत्येक वॉर्डात कुणीतरी शुगर तपासायला यायचंच, याच घोळाने पेशंटचं नुकसान होतं म्हणून २०२२ मध्ये नाव बदलायचं ठरलं, आता व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी म्हणतात. गोळी लागू पडली. या आठवड्यात सलग सहा तास झोपलो. जाग आली तर उजेड!

शेजारची
मी पेशंट नाही, पेशंटची बायको. चालेल ना?

नवऱ्याचा ट्यूमर पुढच्या भागात होता, कपाळाच्या मागे. ऑपरेशन उत्तम झालं, चालतो, बोलतो, हिशोब येतो, जुनं सगळं आठवतं. फक्त आपणहून काही करत नाही. समोर ताट ठेवलं तर जेवेल, नाही ठेवलं तर संध्याकाळपर्यंत बसून राहील, आणि भूक लागली होती का विचारलं तर म्हणेल हो. डॉक्टर म्हणाले हा आळस नाही, सुरुवात करायचं जे बटण असतं ते तिथे असतं. मला डोक्यात कळतं. पण कधी कधी मी भांडी घासताना मुद्दाम आपटते.

लोक म्हणतात नशीबवान, वाचला. हो, आहेच मी. पण ज्याच्याशी लग्न केलं तो जरा जास्तच बडबड्या होता, खोड्या काढायचा, आणि त्याची मला आठवण येते आणि तो समोरच बसलेला असतो. हे बोलायची चोरी आहे म्हणून इथे लिहितेय.

परवा मला यायला उशीर झाला. गल्लीत वळले तर आमच्या दारावरचा दिवा चालू. मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरात तो एकटाच. मी दोन मिनिटं खालीच उभी राहिले. वर जाऊन काही बोलले नाही, उगाच कौतुक केलं तर त्याला अवघड होतं.

एककानी
...

डोळ्यात पाणी आलं लिहिणार होते पण माझ्या उजव्या डोळ्यातून जेवतानाही पाणी येतं, चेहऱ्याची नस परत उगवताना लाळेच्या वायरी अश्रूंना जोडल्या गेल्यात. त्यामुळे डाव्या डोळ्यातून आलं असं स्पष्ट लिहिते.

अर्धापडदा
शेजारची ताई, तुमच्यासाठी वेगळा कोपरा नको, इथेच लिहीत जा. माझी बायको हे वाचतेय आणि तिने "भांडी आपटते" वर बोट ठेवलंय. मला वाटायचं मांजर आहे.

तीसपैकी_सात
आता खरंतर नऊ झालीत, नाव बदलता येत नाही इथे.

एक विचारायचं होतं, कुणी हसू नका. मशीन चालू असताना, तो जाळीचा मास्क घट्ट बसवलेला असतो, डोळे मिटलेले, आणि मला निळं दिसतं. झर्रकन, कडेला. ट्यूमरमुळे आहे का? टेक्निशियनला विचारलं नाही, वेडा म्हणेल.

टाकीफुल्ल
विचारा बिनधास्त. बऱ्याच जणांना दिसतं. फिजिक्स हा माझा पोटापाण्याचा विषय म्हणून सांगतो, किरण डोळ्याच्या आतल्या द्रवातून जाताना तिथेच प्रकाश तयार होतो, पापणी मिटलेली असली तरी काय, प्रकाश आतलाच. चेरेंकोव प्रकाश म्हणतात. अणुभट्टीच्या पाण्यात जो निळा उजेड दिसतो ना फोटोत, तोच प्रकार. त्याचा शोध आणि उलगडा यासाठी १९५८ चं नोबेल दिलंय. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी उपचार चालू असताना पेशंटच्या डोळ्यातला हा प्रकाश कॅमेऱ्यातसुद्धा पकडला. तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, नवीन काही दिसलं की सांगायचं हा नियमच.

तीसपैकी_सात
म्हणजे माझ्या डोळ्यात अणुभट्टी.

बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण उद्या बघतो नीट.

काय_ते_आपलं
पुढच्या आठवड्यात माझं स्कॅन आहे. दर सहा महिन्यांनी. आधीचे आठ दिवस घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागतात आणि त्यामुळे मी जास्त घाबरतो. डोकं दुखलं की आलाच परत, शब्द अडला की आलाच परत, अरे पण तो रोजच अडतो!

एक करतो मी एमआरआयमध्ये. ते ठकठक ठकठक, मग घर्रर्र, मग परत ठकठक, चुंबकाच्या आतल्या कॉइल करंटने थरथरतात त्याचा आवाज असतो तो. मी त्याच्यावर मनात पाढे म्हणतो, एकोणतीसचा. पाढे, आठवड्याचे वार, पाठ गाणी, शिव्या, हे माझे कधीच अडकले नाहीत, पाठ झालेल्या गोष्टींची वाट वेगळी असते म्हणे. घर्रर्रच्या वेळी शिव्या.

शेजारची
दिव्याचं पुढचं सांगायला आले. काल त्याचा फोन चार्जिंगला लावताना सात वाजता अलार्म वाजला. स्क्रीनवर लिहिलेलं, "दिवा. ती येईल."

मी नाही लावलेला. म्हणजे बटण नाहीये हे त्याला माहितीये, आणि त्याने कधीतरी, एका कुठल्या तरी बऱ्या क्षणी, पुढच्या सगळ्या दिवसांसाठी ते लावून ठेवलं. रोज सातला. मी घरी असले की दिवा मी आधीच लावलेला असतो, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

अर्धापडदा
बायकोने फोन हिसकावून घेतलाय. नंतर लिहितो.

काय_ते_आपलं
स्कॅन झालं. "मागच्यासारखंच." या शब्दावर जीव ओवाळून टाकावा. रिपोर्ट घेऊन बाहेर आलो आणि गाडीच्या त्या, तो, जो कमरेला लावतात तो... तो आहे एवढं पक्कं... जाऊ दे, लावला आणि घरी आलो. (गाडी मुलगी चालवते, फिट्समुळे मी सोडलीये, आणि शेजारी बसून मला रस्ता पहिल्यांदा दिसतोय.)

एककानी
पट्टा!

काय_ते_आपलं
पट्टा!!!

तीसपैकी_सात
एकोणीस झाली. टेक्निशियनला निळ्याचं विचारलं, तो म्हणाला बरेच जण विचारतात, आणि रोज बाहेर आल्यावर तोच विचारतो, आज दिसला का. केस मूठभर गेले, एका बाजूचेच, आरशात दोन वेगळी माणसं. राग आहे तसाच आहे. आज दिसला दोनदा.

एककानी
नोंद केली. दोनदा.

माझं आजचं : शिट्टी. वाजली नाही, नुसती हवा गेली. पण गेल्या महिन्यापर्यंत हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटायची, आज मधून गेली. नस फार सावकाश उगवते, रोज मिलिमीटरच्या हिशोबाने, त्यामुळे कळतच नाही काही होतंय, आणि मग एक दिवस हवा मधून जाते. नवऱ्याला ऐकवली. म्हणाला काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं आता कळलं कसं वाटतं ते.

डोळ्यात मलम घातलंय, वरून पट्टी लावलीये, त्यामुळे स्क्रीन एका डोळ्याने बघतेय आणि टायपो होतायत. चांगला कान आता उशीत. काही लिहिलंत तर टिंग ऐकू येणार नाही, सकाळी वाचते.